स्वेटरच्या गळ्यातली दाढ

हाल्बेरानं देव बदलले त्या आठवड्यात आमच्या काल्दाविक गावात बोलायला दोनच विषय होते. एक बंदरावरचा नवा बर्फाचा कारखाना आणि दुसरी हाल्बेरा. बर्फाचा कारखाना लवकर मागे पडला.

मी बंदरावर वजनकाटा सांभाळते. होड्या आल्या की मासळी आधी माझ्या काट्यावर चढते आणि मग पुढे जाते, त्यामुळे कुणाला किती गावलं हे मला लगेच कळतं, आणि कुणाचं घरात काय बिनसलं हे त्याच्याही आधी. देवाधर्माचं विचाराल तर मी नाताळला चर्चमध्ये जाते, कारण तिथला हीटर चांगला आहे. तेव्हा हे सांगणारीला धर्माचा पुळका आहे असं कुणी समजू नये. मला पुळका आहे तो हाल्बेराचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो आणि आता आमचे गुडघेही एकदमच दुखायला लागलेत.

ती शाळेच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकीण. नवरा इंग्वार, एका माणसाची होडी असलेला मासेमार. होडीचं नाव ‘क्रीया’, एका समुद्रपक्ष्याचं. उन्हाळ्यात पहाटे एकटाच निघतो, गळ टाकून कॉड मासे धरतो आणि दुपारपर्यंत परत येतो. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की चिमटा काढल्याशिवाय राहायचा नाही.

भाचीच्या लग्नात हाल्बेरानं पहिल्यांदा जुन्या, म्हणजे इथं चर्च येण्याआधीच्या देवांचा विधी पाहिला. डोंगराच्या पायथ्याशी, उघड्यावर, वाऱ्यात उभं राहून. मधाच्या दारूनं भरलेलं शिंग हातोहात फिरत होतं. ज्याच्या हातात शिंग येई त्यानं आपल्या मनातल्या देवाचं किंवा आपल्या मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, घोट प्यायचा, थोडं जमिनीला द्यायचं. परत येताना गाडीत ती मला म्हणाली, “फिन्ना, इथं कुणी गुडघे टेकायला सांगत नाही गं.”

“म्हणून धर्म बदलणार? गुडघ्यांसाठी?”

“लोक याहून फालतू कारणांनी लग्नं करतात,” ती म्हणाली.

पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि ते तिनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही लहान असताना तिचा मामा एका सकाळी समुद्रावर निघाला. हिनं अंगणातून हात हलवून त्याला मोठ्यानं निरोप दिला. मामा परत आला नाही. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं की निरोप तोंडातून बाहेर पडला की तो कायमचा होतो. मग लग्न कुणाशी करावं तर मासेमाराशी! तेव्हा इंग्वार पहाटे उठला की ही डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून, झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहायची. तो कपडे चढवायचा, जिना उतरायचा, दार ओढून घ्यायचा, आणि ही पांघरुणाखाली ओठ न हलवता चर्चमधली प्रार्थना म्हणायची. सगळं लग्न असंच गेलं.

पुढे वडील गेले, आणि त्यांच्या अंत्यविधीत तिला जाणवलं की त्या प्रार्थनेतला एक शब्दही आता तिला लागत नाही. “रिकाम्या पातेल्यात डाव फिरवल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. पातेलं रिकामं असलं तरी होडी रोज जातच होती. त्या वेळी म्हणायचं काय, एवढाच तिचा प्रश्न होता. धर्म तिला त्या दोन मिनिटांपुरताच हवा होता.

आमच्या भागातल्या जुन्या देवांच्या मंडळींचा पुजारी म्हणजे आउदुन. पलीकडच्या गावात पोरांना पोहायला शिकवतो, आणि वर्षातून चार वेळा झगा घालून विधी चालवतो. हाल्बेरानं त्याला विचारलं, “घरी रोज काय करायचं?”

“ते तूच शोधायचं. आपल्याकडे नियम नाहीत, ग्रंथातली आज्ञा नाही. देवांशी तुझं जसं जमेल तसं.”

ती माझ्याकडे येऊन फणफणली. “मी स्वयंपाकीण आहे. मला कृती लागते! दीडशे पोरांचं जेवण मी ‘जसं जमेल तसं’ करते का?”

मग तिनं आपली आपण कृती शोधायला सुरुवात केली, आणि आमची करमणूक झाली. आधी तिनं शिंग मागवलं. भरलेलं शिंग खाली ठेवता येत नाही हे तिच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच दिवशी देवांचं नाव घ्यायला ती उभी राहिली आणि फोन वाजला. सोफ्याला अजून मधाचा वास येतो. मग परसात दगडांची रास रचून तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला. सकाळी लोणी गायब! देवांचा राजा ओदिन, त्याचे कावळे येऊन गेले म्हणून ती हरखली. इंग्वारनं बुटांच्या नाड्या बांधता बांधता सांगितलं, “कावळे नव्हेत, समुद्रपक्षी होता. तो अजून आपल्या छपरावर बसलाय. पोट बिघडलंय त्याचं.”

जुनी कवनं पाठ करून झाली. ती म्हणायला लागली की रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या लागल्यासारखं वाटायचं. “आज देवांना वारा कुठून सांगितलास?” इंग्वार विचारायचा. तो कधी वाकडं बोलला नाही, कधी अडवलंही नाही. शिंगासाठी लाकडाची तिवई त्यानंच करून दिली. पण पहाटे तो जिना उतरायला लागला की तिला त्या कवनांतली एक ओळ आठवायची नाही. ती तशीच मुकी पडून राहायची, आणि पूर्वीपेक्षा जास्त घाबरायची. पूर्वी निदान म्हणायला काहीतरी होतं.

अशा अवस्थेत माणूस इंटरनेटवर जातं, आणि तिथं सगळ्याला कृती असते. परदेशातल्या कुठल्याशा मंडळींनी तिला सांगितलं, समुद्राची देवी राउन, तिला सोन्याची फार आवड. दर्यावर जाणाऱ्याच्या अंगावर थोडं सोनं असावं. हाल्बेराला हे पटलं. एकदम साधं, मापात बसणारं. प्रश्न सोन्याचा. लग्नाची अंगठी बोटातून निघेना. दागिन्यांची तिला कधी आवड नव्हती. मग आठवली वडिलांची दाढ.

तिचे वडील हेरिंग मासळीच्या कारखान्यात मुकादम होते. एका चांगल्या मोसमात त्यांनी दाढेवर सोन्याचं टोपण बसवून घेतलं होतं, आणि ते दिसावं म्हणून उरलेला जन्म डाव्या बाजूनं हसले. शेवटी दाढ पडली ती टोपणासकट, आणि हाल्बेरानं ती काड्यापेटीत जपून ठेवली. या सासऱ्याला जावई मुळीच पसंत नव्हता. “एक होडी, एक माणूस, आणि त्या माणसाला अक्कल अर्धी,” असं ते त्याच्या तोंडावर म्हणायचे. तरी हाल्बेरानं मोसमाच्या सुरुवातीला इंग्वारच्या लोकरी स्वेटरच्या गळ्याची दुमड उसवली, दाढ आत घातली आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकली. त्याला अक्षर बोलली नाही. मला सांगितलं.

“दाढ? अगं, दाढ?”

“सोनं आहे ते,” ती म्हणाली. “आणि बाबांना पोहता येत होतं.”

आता मला हे खरंच सांगायचंय की त्यानंतर तिचा चेहरा बदलला. पहाटे ती अजून डोळे मिटूनच पडायची, पण मनात म्हणायची, स्वेटरात आहे ना, झालं तर मग. मला बरं वाटलं. दाढेनं का होईना, माणसाला झोप लागली तर आपलं काय जातं?

जूनमधल्या एका सकाळी धुकं आलं. आमच्या बाजूचं धुकं सांगून येत नाही. आत्ता समोरचा डोंगर दिसतोय, आणि कॉफी ओतून मान वर करावी तर धक्क्याचं टोकही नाही. चार होड्या लगबगीनं परतल्या. ‘क्रीया’ बाहेर होती. मला काळजी वाटली नाही, इंग्वार या पाण्यात डोळे बांधून फिरेल.

तेवढ्यात काट्याशेजारच्या माझ्या टपरीचं दार धाडकन उघडलं आणि हाल्बेरा आत आली. कोपरापर्यंत पीठ, कमरेला एप्रन, पायात घरातल्या सपाता. ती क्लेइना, म्हणजे आमच्याकडची पिठाची गोड वळकटी, तळत होती, आणि आउदुनचा फोन आला होता. उन्हाळ्यातल्या विधीला कोण काय आणणार, एवढंच विचारायला. बोलता बोलता हिनं मोठ्या कौतुकानं दाढेची हकीकत सांगितली. त्यानं तिला मध्येच थांबवलं. मग म्हणाला, “हाल्बेरा, ते सोनं वाचवायला नसतं गं. बुडणाऱ्यानं राउनच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून असतं. मरणाच्या वाटेची शिदोरी आहे ती.”

“मी त्याला शिदोरी बांधून पाठवलाय, फिन्ना,” ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. “रोज. रोज पाठवलाय. हा तुझाच, पाहुणचार कर, असं सांगून पाठवलाय.”

“वेडी आहेस का? थांब, बोलावते त्याला.” मी रेडिओ उचलला. “‘क्रीया’, ‘क्रीया’, काल्दाविक बोलतेय.” खरखर. पुन्हा बोलावलं. पुन्हा खरखर. समोरच्या पडद्यावर प्रत्येक होडीचा एकेक ठिपका असतो. ‘क्रीया’चा ठिपका समुद्रातल्या मोठ्या सुळक्यापलीकडे होता. आम्ही दोघी बघत असतानाच तो गेला.

मी तिला सांगितलं, बॅटरी असेल, तार निघाली असेल, हे नेहमीचं आहे. माझा आवाज मलाच खोटा वाटला. बचाव पथकाला फोन केला. आमच्याकडे ती सगळी गावातलीच माणसं. बेकरीवाला, शाळेचा मुख्याध्यापक, बर्फाच्या कारखान्यातली दोन पोरं. ते हातातली कामं टाकून आले आणि त्यांची नारिंगी होडी धुक्यात शिरली. काही वेळ इंजिनाचा आवाज आला आणि मग तोही बुडाला.

हाल्बेरा धक्क्याच्या टोकाकडे चालायला लागली. मी कॉफीचा थर्मास आणि माझा कोट घेऊन मागे धावले. कोट तिच्या खांद्यावर टाकला, तो तिला कळलाही नसावा. टोकाला जाऊन ती उभी राहिली. खाली पाणी काळं, शांत, जराही हलत नव्हतं. मला वाटलं आता कवन म्हणेल. तिनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

“ऐक बाई,” ती पाण्याकडे बघून म्हणाली. मुदपाकखान्यात ती भाजीवाल्याशी बोलते, तोच आवाज. “माझी चूक झाली. मी चुकीची कृती वाचली. ते सोनं तुला नाही. दिलेलं परत मागू नये एवढं मला कळतं, पण मी दिलंच नव्हतं. मी नुसतं शिवलं होतं.”

मी हसले नाही. मला रडूच येत होतं.

“तुला माझा मामा मिळालाय. त्याचं मी कधी काही बोलले नाही, आजही बोलत नाही. पण हा मी तुला देणार नाही. याच्यावर तुझा हक्क नाही. त्याला रात्री उशा दोन लागतात, त्याचं कसं करायचं ते तुला ठाऊक नाही.” तिनं माझ्या हातातला थर्मास ओढून घेतला आणि सगळीच्या सगळी कॉफी पाण्यात ओतली. वाफ आली आणि गेली. एप्रनच्या खिशात एक क्लेइना निघाली, तीही टाकली. मग हात झटकून तिनं बाकीचे खिसेही चाचपले. देण्यासारखं आणखी काय आहे, हे ती शोधत होती असं मला वाटलं.

“आणि मी सोंग घेणार नाही,” ती शेवटी हळू म्हणाली. “उद्यापासून मी उठेन. काय वाटेल ते होवो, मी त्याच्या तोंडाकडे बघेन. ही शपथ आहे.”

जुन्या देवांच्या मंडळींत शपथ सहज घेत नाहीत. ती मोडली तर माणसाचं काही राहत नाही, असं ते मानतात. हे तिनंच मला सांगितलं होतं. मी तिचा पिठाचा हात धरला आणि आम्ही थांबलो. किती वेळ ते मला माहीत नाही. मी देवांना मानत नाही, पण त्या वेळात पाण्याकडे रागानं बघायला मी अजिबात कसूर केली नाही.

आधी आवाज आला. मग धुक्यात नारिंगी काहीतरी दिसलं, आणि त्याच्यामागे दोरानं बांधलेली ‘क्रीया’. इंग्वार माशांच्या खोक्यावर बसला होता, आणि त्याचा चेहरा वैतागलेला होता.

“एवढा गाव गोळा करायला काय झालं?” तो वर येत म्हणाला. “इंजिनाचा पट्टा तुटला, बॅटरी बसली. नांगर टाकला. खाली मासा होता, म्हटलं रिकामं कशाला बसायचं, गळ टाकला. चांगला लागत होता, तेवढ्यात ही मंडळी आली बोंबलत.”

हाल्बेरानं त्याच्या गळपट्टीला हात घातला. त्याला वाटलं मिठी मारतेय, म्हणून तोही पुढे झाला. पण तिच्या हातात माझ्या टपरीतली मासे कापायची सुरी होती. ती तिनं कधी उचलली, मला पत्ता नाही.

“अगं! अगं, काय करतेस?”

“गळा उसवते. हलू नकोस.”

त्यानं स्वेटरच्या गळ्यावर हात दाबून धरला. “हां! त्याला हात लावायचा नाही. तो माझा गडी आहे.”

ती थबकली. “तुला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी कळलं. तुझा बाप माझ्या मानेला चावत होता. जिवंतपणी तोंडानं चावायचा, आता गळ्यात बसून. चाचपून बघितलं, तर दाढ. म्हटलं, बायकोनं सासऱ्याला पहाऱ्याला पाठवलाय, ठीक आहे. एकटं असण्यापेक्षा कुणी शिव्या घालणारा बरोबर असलेला बरा.”

आम्ही टपरीत आलो. मी नवी कॉफी चढवली. हाल्बेरानं रडत रडत त्याला राउनची आणि शिदोरीची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला. मग खांदे उडवून म्हणाला, “मला ते ठाऊक नाही. मी तर रोज त्याला कॉफी देतो.”

“कुणाला?”

“तुझ्या बापाला. सुळका ओलांडला की पहिला कप पाण्यात. फुकट कशी द्यायची, म्हणून चार शब्द बोलतो. मग मी पितो. आता सवय झाली आहे.”

हाल्बेरा त्याच्याकडे बघतच राहिली. शिंग, लोणी, दगडांची रास, पाठ केलेली कवनं यांत तिची दोन वर्षं गेली होती. आणि हा माणूस, ज्यानं कशावर म्हणून विश्वास ठेवला नाही, तो रोज सकाळी भर समुद्रात बसून तेच करत होता.

“काय बोलतोस त्यांच्याशी?” तिनं विचारलं.

इंग्वारनं रिकाम्या कपात बघितलं. मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण माझी टपरी आहे, मी का जाऊ?

“काही नाही. म्हणतो, म्हाताऱ्या, मागे तुझी मुलगी घरात एकटी जागी पडली आहे. आता ती भिंतीकडे तोंड करून असेल. माझं मी बघतो, तू तिच्याजवळ जाऊन बस.”

हाल्बेरानं त्याची बाही धरली. “मी जागी असते हे तुला... कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून. एरवी तू घोरतेस, हाल्बेरा. मी निघताना मात्र कधीच नाही.”

ती त्या माशाच्या वासाच्या स्वेटरात तोंड खुपसून रडली, आणि तो तिच्या पाठीवर थोपटत माझ्याकडे बघून म्हणाला, “कॉफी उतू चालली आहे.”

नंतर दाढेवरून त्यांचं थोडं भांडण झालं. अंगावर नको, हे तिनं काही केल्या सोडलं नाही. होडीत चालेल, केबिनमध्ये खिळ्याला टांगून ठेवू, असा तोडगा निघाला. आउदुनला विचारलं तर तो म्हणाला, याला काही नियम नाही. या वेळी ती चिडली नाही.

निघताना तिनं इंग्वारला विचारलं, “मग उद्या तू निघताना मी काय म्हणू?”

“काही म्हणू नकोस,” तो म्हणाला. “नुसती उठ. मला तुझं तोंड बघून जायचंय.”

संध्याकाळीच इंग्वारनं नवा पट्टा बसवला होता; दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्याच्याबरोबर धक्क्यावर आली. रात्रीच्या झग्यावर कोट, केस पिंजारलेले, हातात दोन कप. एक पाण्यात ओतला, दुसरा त्याला दिला. आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं कप रिकामा करून परत दिला आणि दोर सोडला. होडी सुळक्यामागे जाईपर्यंत ती तिथंच डोळे उघडे ठेवून उभी होती.

मग माझ्या टपरीशी येऊन म्हणाली, “फिन्ना, पहाटे निघताना केवढा देखणा दिसतो गं तो.”